कोकराचा देठ

९ फेब्रुवारी, सोमवार

संग्रहालयाचा गठ्ठा आज आला. जुन्या चित्रांचा संग्रह आहे, शिवण सुटलेली, पानं सगळी मोकळी झालेली. टेबलावर पसरली आणि मी अन् सून दोघंही हसत सुटलो. एका माशाला शेपटीच्या जागी मुळं फुटलीत. एका कोंबडीला पिसांऐवजी पानं आहेत आणि चेहरा असा गंभीर, की बाई जणू शाळा तपासायला आल्यात. एक मोठं झाड आहे, त्याला शेंगा, त्या शेंगा उकलून आतून बदकं माना बाहेर काढताहेत. प्राण्यांचं आणि झाडांचं असं लग्न लावून दिलंय सगळीकडे. रेष मात्र अशी, की काढणाऱ्याला मानलं पाहिजे. पानाची शीर न् शीर, पिसाचा धागा न् धागा. यातलं काहीही त्या माणसाने पाहिलेलं नव्हतं. कुणीतरी येऊन सांगितलं, याने मान डोलावली आणि काढलं.

"बाबा, याला कुणी विचारलं नसेल का, की चल, दाखव ते झाड?" सून म्हणाली.

"गिऱ्हाईक खूश, मग विचारतंय कोण?" मी म्हणालो.

जुने कागद, पुस्तकं, चित्रं दुरुस्त करण्याची ही कार्यशाळा माझ्या वडिलांची. मुलाने तिच्याकडे पाठ फिरवली, तो परगावी नोकरी करतो आणि शनिवार-रविवार घरी येतो. सून मात्र हेच शिक्षण रीतसर घेऊन या घरात आली आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बसली. लोक म्हणतात, तुमचं नशीब. मीही म्हणतो. फक्त ती काही सांगायला लागली की माझं डोकं फिरतं, हे या वहीतच लिहिलेलं बरं.

संग्रहालयाच्या बाई स्वतः आल्या होत्या. या चित्रांचं मोठं प्रदर्शन करायचंय. शिवाय संग्रहालय आता कागद दुरुस्तीचा आपला स्वतंत्र विभाग काढतंय. "हे काम नीट पार पडलं की तिथे सूनबाईंनाच घ्यायचं माझ्या मनात आहे, काका," असं म्हणाल्या. सुनेचा चेहरा असा उजळला की माझाही ऊर भरून आला. थोडं टोचलंही. चाळीस वर्षं हात काळे करून मी बसलोय, मला कुणी "तुम्ही येता का" असं विचारलंसुद्धा नाही. आलो नसतो, ती गोष्ट वेगळी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

मासा आणि कोंबडी झाली. कसरीने खाल्लेली भोकं सुनेने बुजवली. आमच्याकडे पद्धत अशी, की जिथे मूळ कागद गेलाय तिथे त्याच रंगाच्या कोऱ्या कागदाचं ठिगळ लावायचं आणि ते कोरंच ठेवायचं. त्यावर रेघ ओढायची नाही. वडील म्हणायचे, "भोक आपलं आहे, चित्र आपलं नाही." सुनेला पहिल्याच दिवशी मी हे ऐकवलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती की आम्हालाही हेच शिकवलंय. मला उगाच वाटलं होतं की काहीतरी नवीन सांगतोय.

हिने तिची टोमॅटोची कुंडी आणून कार्यशाळेच्या खिडकीत ठेवली. म्हणे घरात ऊन येत नाही. मी म्हणालो, इथे कागदांना ओल चालत नाही. ही म्हणाली, "मग कागदांना पाणी घालू नका." लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईपुढे माझं शेवटचं वाक्य कधी झालं असेल तर शपथ.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सगळ्यात शेवटचं चित्र आज हाती घेतलं. कोकरू आहे. डोकं, कान, पाठीवरची लोकर, सगळं इतकं जिवंत की हात फिरवावासा वाटतो. पोटाच्या खाली मात्र कुणीतरी पूर्वी जाड तपकिरी कागद चिकटवून ठेवलाय. दुरुस्ती केली असावी बिचाऱ्याने आपल्या परीने.

बाई तेवढ्यात आल्या आणि ते चित्र बघून खुर्चीच ओढून बसल्या. "काका, या कागदाखाली काय असेल माहितेय? देठ!" मग त्यांनी समजावून सांगितलं. फार पूर्वी, ज्या मुलखात कापूस पिकत नव्हता तिथल्या लोकांनी ऐकलं की लांब कुठेतरी लोकर झाडाला लागते. त्यांनी कल्पना केली की झाडाला कोकरंच लागत असणार. जमिनीतून देठ, देठाच्या टोकाला पोटाने जोडलेलं जिवंत कोकरू, आणि ते वाकून भोवतालचं गवत खातंय. असल्या संग्रहात ते चित्र हमखास असतं म्हणे. "देठ निघाला ना, तर माझ्या प्रदर्शनाचं सोनं झालं. हेच मी दारावर लावणार."

मी म्हणालो, "बघू या." पण बाईंच्या डोळ्यांतली ती चमक माझ्याही डोळ्यांत उतरली, खोटं कशाला बोलू.

१८ फेब्रुवारी, बुधवार

तपकिरी कागद ओला करून सावकाश सोडवला. खाली काहीही नाही. देठ नाही, पाय नाहीत, कागदच नाही. पोटाखालचं सगळं कसरीने फस्त केलंय. मी नुसता बसून राहिलो. इतकं वाईट वाटायचं काय कारण होतं, माझं काय गेलं होतं? पण वाटलं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज सुनेवर ओरडलो. लिहून ठेवतो म्हणजे उद्या आठवण राहील.

कोकराच्या चित्राला ठिगळ लावायला ती बसली. एक तर चिकटवायची खळ अशी पातळ केलेली, की खळ म्हणायची की पेज. मी म्हणालो, "हे ठिगळ वर्षभरात सुटून हातात येईल." ती म्हणाली, "सुटलं पाहिजे बाबा, कधी काढावं लागलं तर." वर ठिगळाचा काठ तिने चित्राच्या मागून न घेता पुढून घेतला, मूळ कागदावर जरासा चढवून. एवढा बारीक घासून की दिसतही नाही, ते कबूल, पण अशी उलटी पद्धत मी जन्मात पाहिली नाही. विचारलं तर म्हणाली, "या चित्रापुरतं असंच बरं वाटतं मला."

बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं, की खाली एक हलकासा देठ दाखवला तर काय बिघडेल, बाईंना तेच हवंय आणि तुझ्याच नोकरीचं काम आहे. तिने हातातला ब्रश खाली ठेवला.

"नको बाबा. खाली काय होतं आपल्याला माहीत नाही. आणि त्या बदकांच्या झाडाच्या चित्राची मागची बाजू बघितलीत का? ती या कोकरासमोरच यायची..."

"मागच्या बाजू बघायला मला सवड नाही," मी म्हणालो. "तुझं शिक्षण तुझ्याजवळ ठेव. या हातांनी तुझ्या जन्माआधीपासून कागद दुरुस्त केलेत." आणखीही बरंच बोललो. आवाज वर घरापर्यंत गेला असणार, कारण जेवताना ही माझ्याशी एक अक्षर बोलली नाही.

सुनेने ठिगळ पुरं केलं, त्यावर वजन ठेवलं आणि हात धुवून वर गेली.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

झालेली चित्रं घेऊन सून दिवसभर संग्रहालयात होती. मी देठ काढला.

आधी म्हटलं, नुसती पेन्सिलीची रेघ ओढून बघू. मग म्हटलं, रेघ आहेच तर रंगाची चाचणी करू. जुन्या हिरव्याला जुळणारा हिरवा बनवायला तासभर गेला आणि तो तासभर मला तहानभूक आठवली नाही. लहानपणी मला चित्रकार व्हायचं होतं. वडील म्हणाले, आधी खळ शिजवायला शीक. शिजवतोच आहे तेव्हापासून.

पानं कशी काढावीत सुचेना. मग खिडकीतली कुंडी उचलून टेबलावर आणली आणि एक फांदी तोडून समोर ठेवली. हिच्या टोमॅटोची पानं कातरलेली आणि छान आहेत. देठ जमिनीतून वर आला, दोन्हीकडे पानं फुटली आणि वरती कोकराच्या पोटाला अलगद जाऊन मिळाला. जोड कुठे आहे ते मलाही सापडेना. मी एकटाच मोठ्याने "वा!" म्हणालो.

हे सुनेच्याच भल्यासाठी आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सुनेने चित्र पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं आता बोलेल, मी उत्तर तयार ठेवलं होतं. टेबलावर राहिलेली कुंडी उचलून तिने परत खिडकीत ठेवली, मोडलेल्या फांदीला काडीचा आधार बांधला आणि आपल्या कामाला लागली. मुलगा आलाय, दोघं संध्याकाळी फिरायला गेली. जाताना हसत होती. म्हणजे तिलाही पटलं असावं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

बाई चित्र न्यायला आल्या आणि टाळी वाजवून म्हणाल्या, "निघाला! काका, देठ निघाला!"

मला वाटलं होतं, त्या क्षणी हसून सांगू की हे माझं काम आहे, पुसूनही टाकता येईल. पण बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला होता आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "हो, बऱ्यापैकी शाबूत निघाला."

सून शेजारी उभी होती. ती खाली बघून चित्राभोवती कागद गुंडाळत होती.

बदकांच्या झाडाचं चित्र तेवढं इथेच राहिलंय. त्याचा कागद लाटा आल्यासारखा झालाय, वजनाखाली सपाट व्हायला ठेवलाय.

५ मार्च, गुरुवार

कोकराची मोठी चित्रं छापून चौकाचौकांत लागली. आज भाजी आणायला गेलो तर तिथेही भिंतीवर माझा देठ. भाजीवाल्याने विचारलं, "साहेब, असलं खरंच असतं का हो?" मी म्हणालो, नसतं. "मग काढलं कशाला?"

बाईंबरोबर वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक येऊन गेले. भले गृहस्थ आहेत, खिशात भिंग घेऊन फिरतात. मी मनात त्यांचं नाव पानवाले सर ठेवलंय. ते म्हणाले, "मला रात्रभर झोप नाही. बाकीची पानं मनाने काढलीत त्याने, पण कोकराच्या देठाची पानं जिवंत झाडावरून काढलेली आहेत! टोमॅटोच्या कुळातली. म्हणजे या चित्रकाराने ते झाड डोळ्यांनी पाहिलं होतं!" त्यावर ते व्याख्यान देणार आहेत.

मी त्यांना चहा दिला. खिडकीतली कुंडी त्यांच्या पाठीमागेच होती. सुनेने मध्ये उठून पडदा ओढला, म्हणाली सरांच्या डोळ्यांवर ऊन येतंय. ऊन त्यांच्या पाठीवर येत होतं.

१० मार्च, मंगळवार

बदकांच्या झाडाचं चित्र वजनाखालून काढलं आणि उलटं केलं. का केलं कुणास ठाऊक. ते मागून बघा असं ती म्हणाली होती, हे डोक्यात कुठेतरी अडकलं असावं.

त्या काळी हिरवा रंग तांब्यावर चढणाऱ्या हिरव्या कळंकापासून करत. तो कागद जाळतो. संग्रह मिटून ठेवला की समोरच्या पानावरही हिरव्या जागेचा तपकिरी डाग उमटतो. हे मला माहीत नाही असं नाही. मी इतरांना शिकवलंय हे.

कोकराचं चित्र याच्यासमोर असायचं. त्यामुळे कोकराच्या चित्रात जिथे जिथे हिरवं होतं, तिथे तिथे या पानाच्या पाठीवर तपकिरी छाप आहे. देठाच्या जागी काही नाही. खाली ओळीने गवताचे झुबके आहेत, आणि त्या झुबक्यांमध्ये चार मोकळ्या जागा. खुरांच्या.

ते साधं कोकरू होतं. गवतावर चार पायांवर उभं. त्या बिचाऱ्या चित्रकाराने सगळा संग्रह दुसऱ्यांचं ऐकून काढला आणि शेवटी एक जनावर स्वतः पाहिलेलं काढलं. म्हणूनच ते इतकं जिवंत होतं. आणि मी त्याचे पाय काढून त्याला झाडाला टांगलं.

चित्र होतं तसं वजनाखाली ठेवलं. हात धुतले. परत धुतले.

१३ मार्च, शुक्रवार

पानवाले सरांचं व्याख्यान. सभागृह भरलेलं. मला पहिल्या रांगेत बसवलं. पडद्यावर पान भिंतीएवढं मोठं करून दाखवलं तेव्हा ही माझ्या कानाशी लागून म्हणाली, "अहो, हे आपल्या कुंडीतल्यासारखं दिसतं की! माझा टोमॅटो फार जुन्या घराण्यातला निघाला." आणि पदर तोंडाला लावून हसली. शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनी मला उभं करून माझेही आभार मानले आणि मी उभा राहिलो. वाकून नमस्कारही केला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक का म्हणतात ते आज कळलं.

सून आली नव्हती. डोकं दुखतंय म्हणाली.

१६ मार्च, सोमवार

बाईंनी मला एकट्याला बोलावलं. प्रदर्शनाआधी सगळी चित्रं एका जांभळ्या दिव्याखाली ठेवून त्यांचे फोटो काढतात. त्या उजेडात जुना रंग आणि नवा रंग वेगळे दिसतात. देठ नवा दिसला.

आता विचारतील, आता सांगायचं, असं म्हणून मी घसा साफ केला. पण बाई माझ्याकडे रागाने बघतच नव्हत्या. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल कीव होती.

"काका, तुम्हाला किती वाईट वाटेल याची मला कल्पना आहे. म्हणून आधी तुम्हालाच बोलावलं. ठिगळं सूनबाईच लावतात ना?"

"हो," मी म्हणालो.

"मला वाटलंच. तरुण माणसं उत्साहाच्या भरात करतात. तुम्ही तिला फार बोलू नका. पण नेमणुकीचं मला आता काही करता येणार नाही, तुम्ही समजू शकता."

मी समजू शकतो असं म्हणालो. तसंच म्हणालो मी. जिना उतरलो, रस्ता ओलांडला, घरी आलो.

खोटं बोललो नाही. ठिगळं तीच लावते.

हे वरचं वाक्य लिहून मला स्वतःची किळस आली आहे. खोडत नाही. राहू दे.

१८ मार्च, बुधवार

सुनेला बाईंनी काल बोलावलं होतं. परत आली तेव्हा ही तांदूळ निवडत होती, मी पेपर तोंडासमोर धरला होता.

"काय म्हणाल्या ग?" हिने विचारलं.

"तूर्त थांबा म्हणाल्या. कोकराच्या चित्रात नवा रंग सापडलाय. कुणी लावला म्हणून विचारत होत्या."

"मग तू काय सांगितलंस?"

"कार्यशाळेतून काम गेलंय, जबाबदारी कार्यशाळेची आहे, असं सांगितलं."

माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी पेपर उलटा धरलाय की सुलटा तेही मला कळत नव्हतं. घरात कुणी ओरडत नाही, कुणी भांडत नाही. चहा वेळेवर येतो.

१९ मार्च, गुरुवार

हिने कुंडी आणून माझ्या टेबलावर मधोमध ठेवली. काडी बांधलेली फांदी माझ्या बाजूला.

"ही फांदी मोडली त्या शुक्रवारी सून दिवसभर घरात नव्हती," ही म्हणाली. "मी तेव्हा मांजराला शिव्या घातल्या होत्या."

मी काडीची गाठ चाचपत राहिलो.

"भिंतीएवढं पान बघून मी हसले, अहो. सगळ्या सभागृहात मी एकटी हसले. तुम्ही घामाने भिजला होता, मला वाटलं पंखा बंद आहे."

"तिच्यासाठीच केलं मी," मी म्हणालो.

"काढलं असेल तिच्यासाठी. गप्प कुणासाठी बसलात?"

ही पुढे म्हणाली, "मी कुणाला सांगणार नाही. मुलालाही नाही. तुमचं तोंड तुमच्याजवळ आहे." आणि जाताना कुंडीला पाणी घालून गेली, टेबलावरच, माझ्या कागदांच्या शेजारी.

२३ मार्च, सोमवार

बदकांच्या झाडाचं चित्र काखेत घेऊन संग्रहालयात गेलो. सुनेला म्हणालो, तूही चल. ती काही न विचारता चपला घालून निघाली. पानवाले सरही तिथे होते, ते मला नको होते. मग वाटलं, असू देत, त्यांचाही हक्क आहे.

मी उभ्यानेच सांगितलं. देठ मी काढला, पानं आमच्या कुंडीतली आहेत, सूनबाईने नको म्हणून सांगितलं होतं, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हणालो. एवढं सांगायला किती कमी शब्द लागले! मग बदकांचं झाड उलटं करून गवत आणि खुरांच्या जागा दाखवल्या.

सर भिंग काढून खुरांच्या जागा बघत राहिले, मग भिंग खिशात ठेवून हळूच म्हणाले, "मला टाळ्या पडल्या हो." ते रागावले असते तर मी सहन केलं असतं. हे सहन झालं नाही, माझे डोळे भरून आले.

मी म्हणालो, माझी घाण मीच काढतो. ब्रश आणि पाणी मागितलं. मला धास्ती होती, कारण जोड लपवायला मी रंग थेट कोकराच्या लोकरीपर्यंत नेला होता. तिथे मूळ कागदाला तो लागला असणार आणि आता ओढताना लोकरही जाणार, हे मला त्या दिवसापासून ठाऊक होतं. फक्त लिहिलं नव्हतं.

काठावरून ओला ब्रश फिरवला. ठिगळ हललं. परत फिरवला आणि अख्खं ठिगळ, देठासकट, पानांसकट, अलगद सुटून माझ्या तळहातावर आलं. कोकराच्या पोटावर हिरव्याचा एक ठिपका नव्हता. जिथे जिथे मी हद्द ओलांडली होती, तिथे तिथे खाली तिचा काठ होता. पुढून वर घेतलेला. आणि ती पेजेसारखी खळ.

"असं ठिगळ कुणी लावलं?" बाईंनी विचारलं.

"ठिगळं सूनबाईच लावते," मी म्हणालो.

बाईंनी पुढे जे सांगितलं ते बरोबरच आहे. संग्रहालयाचं काम यापुढे आमच्या कार्यशाळेकडे येणार नाही. सूनबाई एक तारखेपासून त्यांच्याकडे रुजू होईल. दारावरची कोकराची चित्रं उतरवली जातील. मी सगळ्याला मान हलवली.

परतताना रस्त्यात भाजीवाल्याच्या भिंतीवर कोकरू अजून लटकत होतं. मी मान वळवली. सुनेने थांबून कोथिंबीर घेतली.

३१ मार्च, मंगळवार

सुनेचा कार्यशाळेतला शेवटचा दिवस. मुलाने फोनवर सगळं ऐकलं होतं, मला एवढंच म्हणाला, "बाबा, तब्येत सांभाळा." ओरडला असता तर बरं झालं असतं.

तिने आपले ब्रश पुसून गुंडाळले. मी तिच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. इतके दिवस जे विचारायचं होतं ते विचारलं.

"ठिगळ लावतानाच तुला माहीत होतं, मी काढणार म्हणून?"

"हो बाबा."

"कशावरून?"

"तो तपकिरी कागद निघाला आणि खाली काही नव्हतं, तेव्हा तुमचा चेहरा बघितला मी."

"मग अडवलं का नाहीस मला?"

तिने हातातली गुंडाळी खाली ठेवली. आवाज चढवला नाही, नजरही चुकवली नाही.

"अडवलं होतं, बाबा."

मला बसावं लागलं. बघतो तर ती तिची खुर्ची होती. ती आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आली.

३ एप्रिल, शुक्रवार

प्रदर्शन उघडलं. मला बोलावणं नव्हतं, तिकीट काढून गेलो. मासा, कोंबडी, बदकांचं झाड, सगळ्यांपुढे गर्दी. कोकरू शेवटी, कोपऱ्यात. पोटाखाली कोरा कागद. लोक क्षणभर थांबून पुढे जातात. मी बराच वेळ थांबलो. पाय नसले तरी ते उभं आहे असं आता दिसतं.

घरी येऊन खळ करायला घेतली. शेजारचं टेबल रिकामं आहे. ढवळताना सवयीने घट्ट झाली, मग पाणी घातलं. संध्याकाळी सून कामावरून आली, डबा ठेवायला जाता जाता वाटीत बोट बुडवून बघितलं.

"अजून थोडं पाणी, बाबा," म्हणाली.

घातलं.